रिकामं वजन

१

काटा खरा आहे की खोटा, हे वहिनी स्वतःच्या अंगाने तपासायची.

विमान वजनाला येण्याआधी ती तीन काटे जमिनीवर मांडायची. एक नाकाच्या चाकासाठी, दोन पंखांखालच्या चाकांसाठी. मग चपला काढून एकेकावर उभी राहायची. समोरच्या ढकलगाडीवर तिन्ही काट्यांचे आकडे दाखवणारी पेटी असायची, तीत एकसष्ट आलं की काटा खरा. मग विमान चढवायचं, वजन घ्यायचं, उतरवायचं आणि पुन्हा एकदा तिन्ही काट्यांवर उभं राहायचं. शेवटीही एकसष्टच आलं, तर मधलं सगळं खरं. एकाही काट्याने एक किलो इकडेतिकडे दाखवलं, की सगळी मेहनत पाण्यात. कपाटात लोखंडी मापं होती, पण ती वर्षातून एकदा साहेब लोक तपासणीला आले की निघायची. एरवी ही बाई पुरे. त्यापायी तिने कित्येक वर्षं स्वतःचं वजन हलू दिलं नव्हतं. कुणाकडे जेवायला गेली तरी दुसरी पोळी घ्यायची नाही. आग्रह करणाऱ्यांना ती असं बघायची की वाढणारा हात आपोआप मागे जायचा.

तोंडावर सगळे तिला वहिनी म्हणत. पाठीमागे काटेबाई.

वहिनी हे नाव तिच्या धाकट्या दिराने हँगरभर करून ठेवलं होतं. ती लग्न होऊन आली तेव्हा तो शाळेत जाणारा पोर होता आणि सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्याचा डबा, त्याचं दप्तर, त्याचा ताप, सगळं हिच्याच गळ्यात. शाळा सुटली की तो थेट हँगरमध्ये यायचा. ती काट्यावर उभी असली की मागून उडी मारायचा. काटा बसायच्या पाटाएवढा, एक चाक मावेल इतकाच. त्यावर दोघांना उभं राहायचं तर एकच मार्ग होता, मागच्याने पुढच्याच्या कमरेला घट्ट मिठी मारायची. आकडा भसकन वर चढायचा आणि ती मुद्दाम ओरडायची, "अरे मेल्या, खोटा झाला ना माझा काटा!"

आता तो कॅप्टन होता, आणि महिनाभर तिच्याशी बोलत नव्हता. त्याच्या विमानात मागे सामान जास्त झालं म्हणून तिने ते भर प्रवाशांसमोर उतरवायला लावलं होतं. बरोबरच केलं होतं. पण बरोबर वागण्याने माणसं जवळ येतात असं थोडंच आहे?

२

त्या दिवशी वजनाला आलं होतं ते नवा रंग दिलेलं दहा आसनी विमान. दुपारी धाकटा ते घेऊन जाणार होता.

रंग दिला की वजन करावंच लागतं. रंगालाही वजन असतं. हँगरची दारं बंद करायची, पंखे बंद करायचे, कारण वाऱ्याची झुळूक पंखाखाली शिरली तरी आकडा नाचतो. टाक्या उपसायच्या. मग जे उरतं ते रिकामं वजन. रिकामं म्हणजे काय, तर जे विमानात कायमच असतं ते सगळं. खुर्च्या, गालिचा, इंजिनातलं तेल, न उपसता येणारं तळाचं इंधन. कायम असतं म्हणून त्याला कुणी वेगळं मोजत नाही.

पण नुसतं वजन कळून भागत नाही. ते कुठे आहे हे कळायला हवं. नाकाच्या पुढे हवेत एक रेघ मानायची, तिला डेटम म्हणतात. तिथून प्रत्येक वस्तू किती लांब, ते मोजायचं. वजन गुणिले अंतर. सगळ्यांची बेरीज करून एकूण वजनाने भागलं की विमान ज्या बिंदूवर तोललं जातं तो बिंदू मिळतो. तो ठरलेल्या हद्दीत हवा. हद्दीच्या मागे गेला तर हवेत नाक वर उठतं आणि खाली येतच नाही, कॅप्टनने कितीही जोर लावला तरी. लहान पोरांना सी-सॉवर जे कळतं तेच हे. फक्त इथे पडल्यावर रडायला कुणी उरत नाही.

वहिनीने पेटी पाहिली. एकूण एकवीसशे त्रेसष्ट. कारखान्याच्या कागदाप्रमाणे असायला हवं होतं एकवीसशे वीस. त्रेचाळीस किलो जास्त.

"रंग जाड मारलाय," मॅनेजर म्हणाला. तो कायम कुठेतरी निघालेला असायचा. "शिवाय जुनं विमान आहे. वय झालं की सुटतंच अंग."

"मागच्या वजनातही हे त्रेचाळीस होतेच. म्हणजे रंगाचे नाहीत."

"मग झालं तर! कायमचे आहेत. धरा रिकाम्या वजनात आणि करा सही. तुम्हाला काय, किलोकिलोवरून भांडल्याशिवाय जेवण जात नाही का?"

तो ऑफिसात गेला. वहिनीने तीन आकडे लिहून घेतले, चष्मा पुसला आणि खात्रीसाठी पुन्हा पाहिलं.

नाकाखालचा आकडा कमी झाला होता. मागचे दोन वाढले होते. एकूण तेच.

३

आकडे थोडेफार हलतात. त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. तेल सरकतं, टायर बसतात, पत्र्याचं छप्पर तापलं की कुठूनतरी हवा येते. वहिनी पेटीसमोर हाताची घडी घालून उभी राहिली आणि एकेक कारण तपासू लागली. टाक्या तिने स्वतः उपसल्या होत्या. चाकं दगडासारखी घट्ट होती. दारं बंद. हँगरमध्ये इतकी शांतता होती की वर छपराचा पत्रा तडतडलेला ऐकू येत होता.

आणि दुसराही एक आवाज होता. प्लास्टिकचा.

रंगाऱ्यांनी विमानाच्या आत, खुर्च्यांवर आणि मधल्या वाटेवर, पातळ प्लास्टिक अंथरलं होतं. ते चुरचुरत होतं. थांबून थांबून. पाऊल टाकावं, थांबावं, पुन्हा टाकावं, तसं.

रंगारी कोपऱ्यात डबे आवरत होता. साठीचा, आडमुठा माणूस.

"आत कोण आहे तुमचं?" वहिनीने विचारलं.

"कुणी नाही."

"मांजर शिरलंय का?"

"मांजर?" तो कसंनुसं हसला. "मांजर असतं तर बरं झालं असतं."

"सरळ बोला की."

"सरळच बोलतो. आम्ही आतलं काम रोज दुपारच्या आत उरकून बाहेर पडायचो. एकदा प्लास्टिक अंथरल्यावर शेपटीकडे कुणी गेलं नाही. का, ते विचारू नका. तुमच्या काट्याला विचारा." त्याने डब्याचं झाकण ठोकून बसवलं. "आणि बाई, लवकर आवरा. आम्हाला हे विमान दारातून गेलेलं बघायचंय."

तो मागच्या दाराने निघून गेला. मेलं, सगळ्यांनाच घाई.

वहिनीने दार उघडून आत डोकावून पाहिलं. खुर्च्या, प्लास्टिक, रंगाचा उग्र दर्प. माणूस नाही, मांजर नाही. शेपटीकडच्या शेवटच्या खुर्चीवरचं प्लास्टिक खाली दबलेलं होतं. ती बघत असतानाच ते सावकाश वर आलं आणि ताणलेलं राहिलं.

तिने दार लावलं. उशी दबली की परत फुगतेच, तिने स्वतःला बजावलं. पण उशीवर आधी कुणीतरी बसावं लागतं, हेही तिला ठाऊक होतं.

४

मग तिने जे केलं ते हिशेबी माणसाने करावं तसंच केलं. ती पेटीची ढकलगाडी घेऊन विमानाच्या बाजूने शेपटीपर्यंत चालत गेली आणि थांबली.

आत प्लास्टिक चुरचुरलं. नाकाचा आकडा उतरत गेला आणि थांबला.

ती पंखापर्यंत परत आली. चुरचुर तिच्याबरोबर आली. नाकाचा आकडा वाढला. ती थांबली, तो थांबला. ती दोन पावलं मागे गेली, आकडाही तितकाच मागे गेला. मधे फक्त पत्रा होता, नव्या रंगाचा, त्यात तिचंच तोंड वेडंवाकडं दिसत होतं.

"हे बघ," ती हळूच म्हणाली, आणि कुणाला म्हणाली ते तिला कळलं तशी ती पत्र्यापासून एक पाऊल लांब झाली.

ती नाकासमोर जाऊन उभी राहिली, डेटमच्या रेघेवर, जिथे कधीच काही नसतं. आकडे स्थिरावले. ते त्रेचाळीस किलो धरून तिने गुणाकार केला, भागाकार केला. उत्तर स्वच्छ आलं. जे अंतर आलं ते तिला तोंडपाठ होतं. कॅप्टनच्या खुर्चीचं.

तिने मान वर केली. काचेपलीकडे खुर्ची होती आणि खुर्चीवरचं प्लास्टिक होतं. त्याला घडी पडली होती. कुणी पुढे वाकून, काचेजवळ येऊन, खाली बघावं तशी.

ती तिथून हलली. पळाली म्हणा हवं तर.

५

"विमान आज जाणार नाही," तिने ऑफिसात सांगितलं.

मॅनेजरने टेबलावर हात आपटला. धाकटा खिडकीशी टेकून उभा होता. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदा तिच्याशी बोलला, आणि बोलला तेही असं.

"मला वाटलंच होतं. आज माझं विमान आहे ना!"

"भाऊजी, तोल हलतोय. माझ्या डोळ्यांदेखत."

तिने भाऊजी म्हटलं की ती रागात आहे किंवा घाबरलेली आहे, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. पण त्याने ते कानाआड केलं.

"चल, दाखव."

तिघं हँगरमध्ये आले. आकडे जागच्या जागी, शहाण्या मुलासारखे. वहिनी शेपटीकडे गेली, नाकाकडे गेली. एक किलो हलला नाही. मॅनेजर कुत्सितपणे हसला. "वहिनी, जरा विश्रांती घ्या. चष्मा बदला."

"थांबा, मी आत जाऊन बघतो," धाकटा म्हणाला. "म्हणजे हिची एकदाची खात्री होईल."

"आत जाऊ नकोस!"

"का? माझंही वजन जास्त होतंय का तुला?" तो तिच्याजवळ आला. "आयुष्यभर माझा घासन् घास मोजत आलीस तू. किती खाल्लं, किती शिकलो, किती उंच गेलो. पुरे झालं ना आता! मला तुझा काटा नकोय."

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि तेवढ्या वेळात तो आत शिरलाही.

पेटीत त्याचे बहात्तर किलो चढले. तो पुढे जाऊन आपल्या खुर्चीत बसला, काचेतून तिला हात दाखवला. "कुणी नाहीये इथे!" वहिनीने नाकाचा आकडा पाहिला. त्याचं वजन धरून जितका यायला हवा तितका आला होता. तिने सुटकेचा निःश्वास टाकला. मग आकडा आणखी वाढला. सावकाश, पावलापावलाने, मागून पुढे, त्याच्या खुर्चीपर्यंत. मॅनेजर फोनवर बोलत होता. त्याने पाहिलं नाही.

"खाली उतर!" वहिनी किंचाळली. "आत्ताच्या आत्ता उतर!"

धाकटा उतरला तो वैतागून. "ओरडतेस काय? आणि ती खुर्ची दुरुस्त करायला सांगा कुणाला तरी. मागून पाठीला काहीतरी टोचतंय. गुडघ्यासारखं."

त्याच्या खुर्चीमागे दीड हात मोकळी जागा होती. तिथे टोचण्यासारखं काही नव्हतं.

"तासाभरात सही हवीये," मॅनेजर म्हणाला. "नाहीतर मी दुसऱ्या कुणाकडून घेतो. सही करणारे पुष्कळ आहेत."

ते खरं होतं. ती नाही म्हणाली तरी विमान जाणारच होतं. ते त्रेचाळीस किलो कायमचे आहेत असं लिहून धाकटा त्यांना घेऊन उडणार होता, आणि वर, ढगांत, त्यांना मनात येईल तेव्हा ते उठून शेपटीकडे चालत जाणार होते.

६

ते दोघे चहाला गेले. वहिनी एकटी उरली.

तिने विचार केला. विचार करणं हेच तिचं काम होतं आणि भीतीने ते थांबलं नव्हतं. इतरांसमोर ते गप्प बसतं. रंगाऱ्यांच्या मागे लागलं नाही. मॅनेजरकडे ढुंकूनही पाहिलं नाही. धाकट्याजवळ गेलं तेव्हाही ती नाकासमोरच उभी होती. ते हलतं ते तिच्यासाठी. का, ते तिला कळत नव्हतं. इतक्या वर्षांत हिच्याइतकं निरखून त्याच्या वजनाकडे कुणी पाहिलं नसेल, एवढंच तिला सुचलं. आणि ते सुचल्यावर तिला फार एकटं वाटलं.

तिने विमानाचं मागचं दार सताड उघडलं. खाली दोन पायऱ्यांची घडवंची लावली. पेटीची ढकलगाडी हाताशी घेतली आणि दाराकडे तोंड करून मागे मागे चालू लागली.

"चल," ती म्हणाली. शाळेच्या दारात रुसून बसलेल्या पोराला म्हणायची तसंच म्हणाली. "चल, उतर. मी आहे ना."

प्लास्टिक चुरचुरलं. दारापाशी आलं. थांबलं.

"चल ना."

घडवंचीची वरची फळी करकरली. मग खालची. पेटीत एकूण आकडा घसरला. एकवीसशे वीस.

त्यानंतर काहीच आवाज आला नाही. सिमेंटच्या जमिनीवर अनवाणी पायांचा कुठे आवाज येतो? वहिनी धावत पुढे झाली, दार धाडकन लावलं आणि कडी घातली. मग पाठ पत्र्याला टेकवून समोरच्या रिकाम्या हँगरकडे बघत राहिली. रंगाच्या डब्यांमागे, शिडीखाली, खांबाच्या सावलीत. कुठेच काही नव्हतं. ते जास्त वाईट होतं.

मॅनेजर परत आला आणि आकडा पाहून त्याची कळी खुलली. "बघा! त्रेचाळीस किलो सुटले! तेवढं सामान जास्त घेता येईल. कुठे होते हो?"

"होते," वहिनी म्हणाली. तोलाचा बिंदू हद्दीत आला होता, अगदी मधोमध, आणि तिथून हलत नव्हता. विमान आधी इथून निघायला हवं होतं, म्हणून काटे पुन्हा तपासण्याआधीच तिने सही केली.

७

दारं उघडली. विमान काट्यांवरून उतरवून बाहेर नेलं, टाक्या भरल्या. मॅनेजर त्याच्यामागे गेला. हँगरमध्ये जमिनीवर तीन काटे उरले, एकमेकांपासून लांब, त्रिकोणात.

शेवटची तपासणी राहिली होती.

ती टाळता आली असती. हँगरमधून पळत सुटावं असं तिच्या अंगातल्या प्रत्येक हाडाला वाटत होतं. पण काटे खरे आहेत की नाहीत हे कळल्याशिवाय ते एकवीसशे वीस खरे नव्हते, तो बिंदू खरा नव्हता. बाहेर इंजिन सुरू झालं होतं. तिच्या कमरेला वायरलेस होता. काटा खोटा निघाला तर त्याला अजून परत बोलावता येणार होतं.

तिने चपला काढल्या. डाव्या काट्यावर उभी राहिली. एकसष्ट. उजव्यावर. एकसष्ट. मग नाकाच्या काट्यावर गेली, पेटीकडे तोंड करून. एकसष्ट.

खरे. तिन्ही खरे. पोर सुखरूप जाणार होतं. तिला हसू आलं, रडूही आलं, आणि तिने वायरलेसकडे हात नेला.

पेटीत डाव्या काट्यासमोर त्रेचाळीस आले.

तिने मागे वळून पाहिलं नाही. डावा काटा पुन्हा शून्य झाला. क्षणभर तिन्ही ओळींत फक्त तिचाच आकडा होता. मग उजव्या काट्यासमोर त्रेचाळीस आले, आणि गेले.

वायरलेस खरखरला. "वहिनी?" धाकट्याचा आवाज होता, मघाचा राग त्यात नव्हता. "धावपट्टीच्या तोंडाशी आहे. मघाशी जरा जास्तच बोललो. संध्याकाळी येतो जेवायला, रागावू नकोस. काटे बघितलेस का शेवटचे?"

तिच्या पायांखालचा काटा किंचित खचला. पेटीत एकशे चार.

काट्यावर एकच चाक मावतं. दोघांना उभं राहायचं तर एकच मार्ग असतो. तिच्या कमरेभोवती ते घट्ट आवळलं गेलं, लहान हातांनी आवळावं तसं, पण हात इतके लांब होते की पुढे येऊन त्यांना आणखी एक वेढा घालता आला. मानेशी कुणी श्वास घेत नव्हतं. नुसतं ओझं होतं, गारठलेलं, आणि ते तिच्यावर रेलत होतं.

ती खोटा म्हणाली असती, तर तो विमान वळवून परत आला असता. इथे, या दारातून. धावत आत आला असता.

"वहिनी? खरा आहे ना काटा?"

"खरा आहे रे," ती म्हणाली. "तू जा. आणि संध्याकाळी घरी नको येऊस."